चांदणीला पाणी पाजून आलो, सर!

मुलांनो, आधी एक जुनं कोडं घालतो. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांना उत्तर मात्र एकच हवं.

आलं ना ओठांवर? "फिरवलं नाही म्हणून!" अगदी बरोबर. हे कोडं तुमच्या आजीनं तुम्हाला घातलं असेल, माझ्या आजीनं मला घातलं होतं. तव्यावरची भाकरी वेळेवर फिरवली नाही की करपते, हे रोज घरात दिसतं. विड्याची पानं टोपलीत खालीवर केली नाहीत की सडतात, हे पानवाला सांगेल. पण घोडा अडतो म्हणजे नेमकं काय होतं? खरं सांगतो, गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. मला ते शिकवलं माझ्याच वर्गातल्या, चौथीतल्या एका मुलानं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, नाहीतर तो लाजून दोन दिवस शाळेत यायचा नाही.

आमचं उमरगा सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं तालुक्याचं गाव. धाराशिव जिल्ह्याच्या पार कडेला, थोडं पुढं गेलं की कर्नाटक लागतं. मार्च उजाडला की आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, सकाळची शाळा आणि पाण्याची ओरड. तशी ती त्याही वर्षी सुरू झाली आणि हा मुलगा रोज उशिरा येऊ लागला. प्रार्थना संपून हजेरी झाली, की हा दारात. केस विस्कटलेले, शर्टाची बाही ओली.

"का रे उशीर?"

"चांदणीला पाणी पाजून आलो, सर."

चांदणी म्हणजे शेळी असेल असं मी धरून चाललो. चार दिवस त्याला दाराशी उभं केलं. पाचव्या दिवशी म्हटलं, आता घरीच जाऊन विचारावं. रविवारी सकाळी गेलो तर अंगणात शेळी नव्हती, पांढरीशुभ्र घोडी होती!

हे घर लग्नातल्या वरातीच्या घोडीवर चालणारं. आजोबांचा पूर्वी टांगा होता. रिक्षा आल्या, टांगा गेला, पण घोड्याचा नाद काही गेला नाही. चांदणीला त्यांनी माळेगावच्या जत्रेतून आणलेलं. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात हे माळेगाव आहे. तिथं खंडोबाची मोठी यात्रा भरते, आणि खंडोबाचं वाहनच घोडा असल्यामुळे घोड्यांचा बाजार हे त्या यात्रेचं खास आकर्षण. तिकडे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्यालाही दत्तजयंतीला असाच घोडेबाजार भरतो. घोडा घेताना लोक आधी त्याचं तोंड उघडून दात बघतात. दातांच्या झिजेवरून त्याचं वय कळतं. तुम्ही वय चोराल, पण घोड्याला ते जमत नाही.

"गुरुजी, तिला रविवार कळत न्हाई बगा," आजोबा म्हणाले, "दिवाळी असू द्या का सुतक असू द्या, उजाडलं की पाणी लागतंयच."

आता गणिताची वही काढा. चांदणीचं वजन साधारण ३०० किलो. एवढ्या घोड्याला दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी ४० लिटरही लागतं. एक घागर १२ लिटरची धरली तर घागरी किती झाल्या? आणि हापशावर रांग असेल तर त्या भरायला वेळ किती? माझ्या या विद्यार्थ्याच्या वाटणीला सकाळच्या दोन घागरी होत्या. मी त्याला दाराशी उभं करत होतो तेव्हा तो हे गणित रोज खांद्यावरून वाहून आणत होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं. चहा पुढं आला, पण घोटाघोटानं घशाखाली उतरेना.

मग म्हटलं, आलोच आहोत तर बघूनच जाऊ. सकाळी सातपासून दुपारपर्यंत मी त्या अंगणात बसलो. तुम्हालाही ते दाखवतो.

पाणी झालं की चारा. आमच्या भागात ज्वारी होते, म्हणून कडबा. तो अख्खी पेंढी टाकून चालत नाही, कुट्टी करून द्यायचा. थोडं हिरवं गवत, मिळाला तर लसूणघास. घोड्याला त्याच्या वजनाच्या शेकडा दोन इतका वाळला चारा दिवसाला लागतो. म्हणजे ३०० किलोच्या चांदणीला सहा किलो, आणि वर्षाला? करा गुणाकार. शिवाय कामाच्या दिवसांत भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा, चिमूटभर नव्हे तर चांगलं मूठभर मीठ. हा खुराक तोबऱ्यात घालून देतात. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. तुम्ही तोंडात लाडू कोंबला की आई "तोबरा भरू नको" म्हणते ना, तोच हा तोबरा!

सहा किलो चारा एकदम टाकून बाजारात निघून गेलं तर चालेल का? इथंच घोडं पेंड खातं. नाही चालत. गाय भराभर खाते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. एवढं मोठं जनावर, पण त्याचं जठर जेमतेम घागरीएवढं. म्हणून त्याला थोडं थोडं, पण सारखं खायला लागतं. मोकळ्या रानात सोडलेला घोडा दिवसातले चौदा-सोळा तास चरतच असतो. चालायचं, घासभर खायचं, परत चालायचं. त्याचं आतडं अशाच चालण्या-चरण्यासाठी घडलेलं आहे. खुंटाला बांधून ठेवला की आतडंही सुस्तावतं. आलं लक्षात, घोडा का अडला ते?

म्हणून लग्न असो नसो, चांदणीला रोज सकाळ-संध्याकाळ फिरवून आणतात. नुसतं उभं राहून तिच्या पायांवर सूज येते, ती फिरली की उतरते.

फिरून आल्यावर खूर. आजोबांनी तिचा पुढचा पाय हलकेच उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि वाकड्या लोखंडी आकड्यानं तळातली माती-खडे काढले. खुराच्या तळाशी त्रिकोणी, रबरासारखी गादी असते. तिच्या खाचेत शेण-चिखल साचून राहिला की ती सडते आणि घाण वास सुटतो. नाक जवळ नेलं की लगेच कळतं. मुलगा रोज नाक नेतो! खूर म्हणजे आपल्या नखासारखाच. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वर खिळे ठोकले तरी दुखत नाही, पण नालबंद कसबी हवा. खिळा दोन सूत आत गेला तर जिवंत भागाला लागतो. दीड-दोन महिन्यांनी नाल काढायचा, खूर तासायचा आणि पुन्हा नाल ठोकायचा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याच्या एका पायाला दोन पत्र्या लागतात; घोड्याचा खूर अखंड, म्हणून एकच नाल. पूर्वी बैलांमुळे नालबंद गावोगाव फिरायचे. आता बैलच कमी झाले, त्यामुळे चांदणीच्या नालबंदाला सोलापूरकडून बोलवावं लागतं आणि तो येईपर्यंत त्याच्या फोनवर फोन करावे लागतात.

खिळ्यांवरून आणखी एक. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. खुरात गंजका खिळा घुसला आणि लस दिलेली नसली तर जिवावरच बेततं. म्हणून दरवर्षी धनुर्वाताची लस टोचून घ्यायची. आपल्या पायात खिळा घुसला की आई लगेच इंजेक्शनला नेते, तसंच.

मग खरारा. खरारा म्हणजे दातेरी ब्रश. मानेपासून शेपटीपर्यंत अंग घासायचं, केसांतली धूळ, गोचीड काढायचे. त्यात अंगावरची जखम, सूज, खोगिरानं पडलेला घट्टा हेही हाताला लागतं. खोगीर म्हणजे पाठीवरची बैठक. ती मऊ राहावी म्हणून आत चिंध्या, लोकर, काहीबाही भरत, त्यावरून "खोगीरभरती" हा शब्द आला. निबंधात उगाच पानं भरणाऱ्यांना मी तोच शब्द लाल शाईनं लिहून देतो!

हे सगळं बघताना मला एक पत्र आठवलं. चौथीला मी शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवतो. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराला महाराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी एक पत्र लिहिलं होतं. त्यात लढाईचे डावपेच नाहीत. त्यात आहे घोड्यांचा चारा! दाणा-वैरण आत्ताच मनमानेल तशी उधळाल तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्यांचा जीव तुम्हीच घेतला असं होईल, असं महाराज बजावतात. मग तुम्ही रयतेच्या घरात शिरून गवत-धान्य काढू लागाल, तसं मुळीच करू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, अशी ताकीद देतात. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत सगळं त्या पत्रात आहे. एवढ्या मोठ्या राजाच्या डोक्यात उंदराची वातही होती! मी हे आजोबांना सांगितलं, तर ते काही न बोलता उठले आणि कडब्याच्या गंजीशेजारी ठेवलेला कंदील उचलून लांब ठेवला.

त्या काळची आपली घोडी म्हणजे भीमथडीची तट्टं. भीमा नदीच्या काठची, अंगानं लहान, पण काटक. अजूनही मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर बांधवांचा अख्खा संसार, भांडी-कुंडी, कोंबड्या, कधी कोकरूसुद्धा, याच घोड्यांच्या पाठीवर असतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं गेल्या काही वर्षांत भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. रस्त्यानं तांडा दिसला तर नुसत्या मेंढ्या मोजू नका, घोडी पण बघा.

बसायचं कसं, हेही मी त्या दिवशी शिकलो. शिकलो म्हणजे काय, पडलो नाही इतकंच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर तो दचकतो आणि लाथ झाडतो. "साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये" ही म्हण उगीच नाही पडली. तेव्हा जायचं खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत. चढायचं डावीकडून. पूर्वी स्वाराच्या डाव्या कमरेला तलवार असायची, ती आडवी येऊ नये म्हणून ही रीत पडली. चढण्याआधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, दोनदा आवळायचा. कारण पहिल्यांदा आवळताना काही घोडी लबाडी करून पोट फुगवून धरतात!

मी चढलो आणि जीव मुठीत धरावा तसा लगाम धरला. चांदणी जागची हलेना. "गुरुजी, तुमीच तिला थांबवून धरलंय की," आजोबा हसले. लगाम सैल सोडला तेव्हा कुठं ती निघाली. तिच्या तोंडातली कडी नाजूक जागी असते. बोटभर ओढ तिला पुरते. माझा विद्यार्थी शेजारून चालत मला सूचना देत होता, "सर, पाठ ताठ. सर, टाच खाली. सर, खाली बघू नका." वर्गात हीच वाक्यं मी त्याला किती वेळा म्हटली असतील!

तुम्ही माथेरान-महाबळेश्वरला घोड्यावर बसाल तेव्हा हे आठवा. डोक्याला हेल्मेट मागा. पालकांनाही सांगणं आहे, फोटोसाठी दोन-तीन मुलं एकदम बसवू नका. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं टाकू नये, आणि त्यात खोगीरही धरायचं.

आता त्या रात्रीची गोष्ट सांगतो.

मार्च संपत आला होता. एका लग्नात चांदणी वरातीला गेली. मुलाचे वडील सोबत होते, पण वरात मोठी, डीजेच्या भिंती, फटाक्यांच्या माळा. आषाढी वारीत माउलींच्या पालखीसोबतचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. टाळ-मृदंगाच्या गजरात, लाखो माणसांमध्ये ते रिंगणात धावतात. मग चांदणीलाच काय होतं, असं कोणी म्हणेल. पण रिंगणात घोड्याला पळायला मोकळी वाट असते आणि पायाखाली अचानक सुतळी बॉम्ब फुटत नाही. वरातीत चहूबाजूंनी माणसं आणि आवाज छातीवर आदळणारा. चांदणीचे कान मागं चिकटले होते, असं वडील नंतर सांगत होते. घोड्याचे कान मागं चिकटले की समजावं, तो भ्यालाय किंवा चिडलाय.

जेवणं झाल्यावर मांडवात ती बांधलेली होती. पोरं जमली. कुणी जिलबी दिली, कुणी पुरी, कुणी पत्रावळीतला उरलेला भात पुढं केला. सगळ्यांनी मायेनंच दिलं बरं का. तिनंही खाल्लं. रात्री घरी आली आणि दमली म्हणून बांधली.

पहाटे घागर घेऊन आपला विद्यार्थी उठला. पाणी ठेवलं, चांदणीनं तोंड लावलं नाही. मग त्यानं खाली बघितलं. घोडा दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो. रात्रीच्या जागेवर लीदच नव्हती. तो आजोबांना हाक मारायला धावला. एवढ्यात चांदणी पुढच्या पायानं जमीन उकरू लागली, मान वळवून आपल्याच पोटाकडे बघू लागली, घामानं ओली झाली. मग खाली बसून लोळू लागली.

हा पोटशूळ. माणसाला असं झालं तर उलटी होते आणि बरं वाटतं. घोड्याला उलटी करताच येत नाही. त्याच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी, जठरात शिरताना, इतका घट्ट स्नायू असतो की आत गेलेलं परत वर येऊ शकत नाही. जिलबी-भातासारखं गोड, पिठूळ अन्न मोठ्या आतड्यात पोचलं की ते झपाट्यानं आंबतं, वायू धरतो, आतडं फुगतं. लोळण्यात कधी आतड्याला पीळ पडलेला आढळतो, आणि मग वाचणं कठीण. कधी तर पोटातला बिघाड पायांपर्यंत जातो, खूर गरम होतात आणि घोडा पाऊल टाकीनासा होतो.

वडिलांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. (जनावर आजारी असेल तर १९६२ हा फुकट लागणारा नंबरही घरात लिहून ठेवा.) डॉक्टर येईपर्यंत तिच्यापुढचा चारा काढला आणि तिला सावकाश फिरवत ठेवलं, लोळू दिलं नाही. डॉक्टरांनी आधी जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून नाडी मोजली. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० असते. आपली ८०-९० असते, तिची त्या वेळी साठाच्या पुढं गेली होती. मग पोटाला नळी लावून ऐकलं. निरोगी घोड्याच्या पोटात सारखा गुडगुड आवाज येतो. चांदणीच्या पोटात काहीच वाजत नव्हतं. डॉक्टरांनी कळ थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाकातून लांब नळी जठरापर्यंत घालून वायू मोकळा केला आणि त्याच नळीतून औषधी तेल सोडलं.

"लीद कधी लक्षात आली?" त्यांनी विचारलं. मुलानं वेळ सांगितली. "दोन तास उशीर झाला असता तर अवघड होतं," एवढंच ते बोलले.

मला हे सगळं दुपारी कळलं. त्या दिवशी तो शाळेत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, हजेरी सुरू झाली. मी त्याच्या नावापाशी आलो आणि पेन थांबवलं. वर्गाला सगळं ठाऊक होतं. गावात अशा बातम्या मुलांच्या आधी कुणालाच कळत नाहीत. कुणी काही बोलेना.

तेवढ्यात फाटकाशी चपला वाजल्या. धापा टाकत तो दारात उभा राहिला. बाही ओली.

"सर, टाकली! पहाटे टाकली!"

"काय टाकली रे?" मागच्या बाकावरच्या एकानं मुद्दामच विचारलं.

"लीद!"

सगळा वर्ग खो खो हसला, मीही हसलो. मग त्याच्या नावापुढं "हजर" लिहिलं आणि फळ्यावर त्या दिवशीचं गणित घातलं: एका घोडीला रोज ३६ लिटर पाणी लागते. घागर १२ लिटरची आहे. एप्रिल महिन्यात एकूण किती घागरी पाणी लागेल? त्याचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. पण त्यानं हात वर करून शंका काढली, "सर, लग्नाच्या दिवशी एक घागर जास्त धरायची का?"